दूरस्थ ब्लॉक साठवण आणि फाइल सिस्टीमची विश्वासार्हता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकावरील माहितीच्या साठवणीला दोन पातळ्या असतात. खालच्या पातळीवर डिस्क असते. डिस्क म्हणजे सारख्या आकाराच्या, क्रमांक दिलेल्या खणांची रांग होय. या खणांना 'ब्लॉक' म्हणतात. अमुक क्रमांकाचा ब्लॉक वाचणे आणि अमुक क्रमांकाचा ब्लॉक लिहिणे, ही डिस्कची दोन मूलभूत कामे. वरच्या पातळीवर फाइल सिस्टीम असते. फाइलचे नाव, आकार, मालकी, तिने व्यापलेले ब्लॉक आणि रिकामे ब्लॉक यांची नोंदवही ती सांभाळते. मात्र ही नोंदवहीसुद्धा त्याच डिस्कवर असते. त्यामुळे वही बिघडली, तर माहिती जागच्या जागी असूनही ती सापडत नाही.

१९८० च्या दशकापर्यंत डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये काही मीटर लांबीची तार असे. स्कझी या १९८६ मध्ये अमेरिकी मानक झालेल्या जोडणीत साध्या प्रकारच्या तारेची कमाल लांबी ६ मीटर आणि विशेष प्रकारच्या तारेची २५ मीटर होती. पुढील दोन दशकांत ही तार जाऊन तिथे नेटवर्क आले, आणि डिस्क दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या इमारतीत व अखेरीस भाड्याने घेतलेल्या दूरच्या माहितीकेंद्रात गेली. फाइल सिस्टीमला मात्र या स्थलांतराची कल्पना दिली गेली नाही. आपण जवळच्या डिस्कशीच बोलत आहोत, असे समजून ती काम करीत राहिली.

जवळची डिस्क फाइल सिस्टीमला चार गोष्टींची हमी देते असे गृहीत धरले जाई : लिहिल्याची पोच खरी असेल; उत्तर आले नाही तर डिस्क निकामी झाली असेल; या डिस्कवर दुसरे कोणी लिहीत नसेल; आणि लिहिले तेच परत वाचायला मिळेल. या हमी कोठेही नीट लिहून ठेवलेल्या नव्हत्या. नेटवर्कमुळे त्या एकेक करून ढासळल्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ नव्याने, स्पष्ट शब्दांत ठरवावा लागला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी : नोंदवही आणि तिची दुरुस्ती

एखाद्या फाइलमध्ये थोडी भर घालायची, तरी किमान तीन ठिकाणी लिहावे लागते : प्रत्यक्ष मजकूर, त्या फाइलची नोंद आणि रिकाम्या ब्लॉकांची यादी. ही तीन लेखने एका क्षणी होत नाहीत. पहिले झाल्यावर आणि तिसरे होण्यापूर्वी वीज गेली, तर वहीतील नोंदी परस्परांशी जुळत नाहीत.

युनिक्सच्या जुन्या पद्धतीत यावर उपाय होता तो संगणक पुन्हा सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासण्याचा. टेड कोवाल्स्की यांच्या 'एफएससीके' या तपासणी कार्यक्रमाचे नाव या संदर्भात घेतले जाते. १९८४ मध्ये मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी बर्कली येथील वेगवान फाइल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यातही महत्त्वाच्या नोंदी ठरावीक क्रमाने लिहून, उरलेली विसंगती नंतरच्या तपासणीवर सोपविलेली होती. डिस्क लहान होत्या तोवर हे चालले. डिस्कचा आकार वाढत गेला, तशी तपासणी काही मिनिटांवरून काही तासांवर गेली.

दुसरा मार्ग हिशेबाच्या जुन्या शिस्तीशी मिळताजुळता आहे. व्यापारी आधी रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. हीच पद्धत 'जर्नल' या नावाने फाइल सिस्टीममध्ये आली. होणारे बदल आधी एका सलग जागेत लिहायचे, शेवटी 'नोंद पूर्ण' अशी खूण करायची आणि त्यानंतरच मूळ जागी बदल करायचे. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील सीडार प्रणालीवरील रॉबर्ट हॅगमन यांचा निबंध १९८७ चा आहे. १९९० मध्ये आयबीएमने एआयएक्ससोबत जेएफएस दिली. त्यानंतर वेरिटासची व्हीएक्सएफएस आणि १९९४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस आली. पुढे वेरिटासच्या साठवण-सॉफ्टवेअरच्या विकासाचे काही काम पुण्यातील केंद्रातूनही होत असे, ही या इतिहासातील महाराष्ट्राशी संबंधित बाब होय. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी-३ तयार केली आणि २००१ मध्ये ती मुख्य प्रवाहात समाविष्ट झाली.

जर्नलची सारी मदार क्रमावर आहे. 'नोंद पूर्ण' ही खूण डिस्कवर उमटली आणि नोंदच उमटली नाही, तर संगणक पुन्हा सुरू होताना रद्दी मजकूर खरा मानून खतावणी केली जाईल. जर्नल नसलेल्या प्रणालीपेक्षा ही अवस्था अधिक घातक ठरते.

२. पोच खरी कोणाची?

क्रम राखण्यासाठी फाइल सिस्टीम एक लेखन पाठवून त्याची पोच येईपर्यंत थांबते आणि मग दुसरे पाठवते. परंतु डिस्कमध्येच थोडी तात्पुरती स्मृती असते. मजकूर या स्मृतीत पोहोचताच डिस्क 'लिहिले' असे कळवते आणि चुंबकीय पृष्ठभागावर आपल्या सोयीने, कदाचित उलट क्रमाने, लिहिते. वीज जाताच ही स्मृती पुसली जाते. म्हणून तात्पुरत्या स्मृतीतील सारे काही कायमस्वरूपी लिहून काढण्याची एक स्वतंत्र आज्ञा ठेवण्यात आली. ती 'फ्लश' या नावाने ओळखली जाते.

ही आज्ञा वेळेवर देणे आणि ती डिस्कपर्यंत पोहोचणे, या दोन्ही बाबतींत हलगर्जी झाली. लिनक्सच्या मूळ स्वरूपात ईएक्सटी-३ साठी ही खबरदारी वेगाच्या कारणास्तव आपोआप चालू नसे. २००८ च्या अखेरीस स्थिर झालेल्या ईएक्सटी-४ मध्ये ती आपोआप चालू ठेवण्यात आली. अनेक डिस्क एकत्र दाखविणारे मधले स्तर काही वर्षे ही आज्ञा खाली पोहोचवतच नव्हते. जानेवारी २०११ मधील २.६.३७ या आवृत्तीत लिनक्सने ही व्यवस्थाच बदलली आणि क्रम राखण्याची जबाबदारी स्पष्टपणे फाइल सिस्टीमकडे, तर फ्लश पाळण्याची जबाबदारी खालच्या स्तराकडे दिली.

नेटवर्क आल्यावर पोच देणाऱ्यांची साखळी लांबली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डिस्क नसलेल्या संगणकांसाठी 'नेटवर्क डिस्क' ही ब्लॉक पातळीवरील सोय वापरली होती. नंतर तिची जागा एनएफएसने घेतली. एनएफएस ब्लॉकऐवजी फाइलची देवघेव करते, म्हणून तो वेगळा मार्ग आहे. तथापि पोच या शब्दाची काटेकोर व्याख्या तिथे लवकर झाली. दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरने मजकूर कायमस्वरूपी लिहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, असा दंडक होता. तो सुरक्षित पण संथ होता. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरला आधी कच्ची पोच आणि मागितल्यावर पक्की पोच देण्याची मुभा मिळाली. सोबत सर्व्हर एक खूणसंख्या देई. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, की ती संख्या बदले. बदललेली संख्या पाहून ग्राहक-संगणकाला कच्ची पोच बुडाल्याचे कळे आणि आपल्याजवळ राखून ठेवलेला मजकूर तो पुन्हा पाठवीत असे.

ब्लॉक पातळीवर अशी स्पष्टता यायला वेळ लागला. १९९७ मध्ये पाव्हेल माखेक यांनी लिनक्ससाठी 'नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस' तयार केले. त्याचा मूळ संकेत वाचन आणि लेखन यांपुरता साधा होता. फ्लशची आज्ञा त्यात पुढे जोडली गेली. फिलिप राइसनर यांच्या डीआरबीडी या प्रतिरूप-प्रणालीने मात्र प्रश्न उघडपणे मांडला. तिच्यात तीन पर्याय आहेत. पहिल्यात स्थानिक डिस्कवर लिहून मजकूर नेटवर्कच्या हवाली केला की पोच मिळते. दुसऱ्यात तो पलीकडच्या संगणकाच्या स्मृतीत पोहोचल्यावर. तिसऱ्यात पलीकडच्या डिस्कवर लिहिला गेल्यावर. एकाच शब्दाचे तीन अर्थ आणि त्यांची वेगवेगळी किंमत या मांडणीत वापरकर्त्यासमोर ठेवली गेली.

३. मौनाचा अर्थ

फायबर चॅनेलला १९९४ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला आणि स्कझीच्या आज्ञा काचतंतूवरून काही किलोमीटर अंतरापर्यंत जाऊ लागल्या. एप्रिल २००४ मध्ये आय-स्कझी हे मानक प्रसिद्ध झाले. आता त्याच आज्ञा सामान्य इंटरनेट संकेतावरून पाठविता येऊ लागल्या. महागड्या स्वतंत्र जाळ्याची गरज उरली नाही. पण सामान्य नेटवर्कचे गुणदोषही साठवणीच्या वाट्याला आले.

जवळच्या तारेवर उत्तर न येण्याचा अर्थ बहुधा एकच असे. नेटवर्कवर त्याचे निदान चार अर्थ होतात : आज्ञा वाटेत हरवली, आज्ञा पाळली गेली पण पोच हरवली, पलीकडचा सर्व्हर बंद पडला, किंवा सारे ठीक आहे, केवळ उशीर होत आहे. अलीकडे बसलेल्या संगणकाला हे चार प्रसंग वेगळे ओळखता येत नाहीत.

अशा वेळी दोनच पर्याय राहतात. वाट पाहावी, तर त्या फाइलवर अवलंबून असलेले प्रत्येक काम खोळंबते. ठरावीक मुदतीनंतर हार मानावी, तर फाइल सिस्टीमला डिस्क निकामी झाल्याची वर्दी मिळते. अशी वर्दी मिळाल्यावर जर्नल लिहिणे थांबवून फक्त वाचनापुरते चालू राहणे किंवा पूर्ण बंद होणे, हे तिचे ठरलेले वर्तन आहे. दोन मिनिटांचा नेटवर्कचा अडथळा दूर झाला, तरी बंद पडलेली फाइल सिस्टीम आपोआप उभी राहत नाही. लिनक्सवरील प्रचलित आय-स्कझी कार्यक्रमात तुटलेली जोडणी परत येण्याची वाट पाहण्याची मुदत सुरुवातीला १२० सेकंद ठेवलेली असते. हा आकडा वाढवावा की घटवावा याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. डिस्कच्या दोन प्रती असतील तर लवकर हार मानून दुसऱ्या वाटेने जाणे हिताचे. एकच प्रत असेल तर थांबणे हिताचे.

या प्रश्नाचे व्यापक स्वरूप २०११ मध्ये दिसले. ॲमेझॉनने २० ऑगस्ट २००८ रोजी 'इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर' ही सेवा सुरू केली होती. २१ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या पूर्वेकडील विभागात नेटवर्कची क्षमता वाढविण्याचे काम चालू असताना वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या दुय्यम जाळ्यावर वळविली गेली. साठवण-सर्व्हर परस्परांना दिसेनासे झाले. जाळे पूर्ववत होताच प्रत्येकाने, आपली जोडीची प्रत नष्ट झाली असे समजून, नवी प्रत करण्यासाठी मोकळी जागा शोधायला सुरुवात केली. एकाच वेळी झालेल्या या मागणीने जागा संपली. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या क्षेत्रातील सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले आणि ०.०७ टक्के व्हॉल्यूममधील माहिती सुसंगत स्वरूपात परत मिळाली नाही. उशीर आणि मृत्यू यांतील फरक न कळल्यामुळे बचावाची यंत्रणाच संकटाला हातभार लावू शकते, हे या घटनेने दाखविले. पुढे एनव्हीएमई जोडणीच्या काळात त्याच कंपनीने ग्राहकांना लिनक्समधील ३० सेकंदांची प्रतीक्षा-मुदत शक्य तेवढ्या कमाल मर्यादेपर्यंत वाढविण्याचा सल्ला दिला. अर्थ उघड आहे : दूरस्थ डिस्कच्या मौनाचा अर्थ मृत्यू असा लावू नये.

४. एक डिस्क, एक लेखक

फाइल सिस्टीम वाचलेले ब्लॉक आपल्या स्मृतीत ठेवते आणि ते दुसरे कोणी बदलणार नाही असे मानते. नेटवर्कवरील डिस्कला मात्र एकाच वेळी दोन संगणक जोडता येतात. साधी फाइल सिस्टीम दोघांनी वापरली, तर तोच रिकामा ब्लॉक दोघेही वेगवेगळ्या फाइलला देतात आणि थोड्याच काळात नोंदवही उद्ध्वस्त होते. सनच्या नेटवर्क डिस्कमध्येही सामाईक भाग फक्त वाचनासाठी आणि लेखनासाठी प्रत्येकाचा स्वतंत्र भाग, अशी विभागणी होती.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधन केंद्रात एडवर्ड ली आणि चंद्रमोहन थेक्कत यांनी १९९६ मध्ये 'पेटल' ही अनेक सर्व्हरवर पसरलेली आभासी डिस्क मांडली. १९९७ मध्ये थेक्कत, मान आणि ली यांनी तिच्यावर 'फ्रँजिपानी' ही सामाईक फाइल सिस्टीम उभारली. तिच्यात लेखनाचा अधिकार मुदतीच्या भाडेपट्ट्याप्रमाणे दिला जाई. ही कल्पना ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये मांडली होती. पट्टा ३० सेकंदांचा असे. मुदतीत नूतनीकरण न करणारा संगणक बाद समजून त्याचे जर्नल दुसरा संगणक पुरे करी. या निबंधातील एक कबुली विशेष मोलाची आहे. लेखन पाठविण्यापूर्वी संगणक आपला पट्टा तपासतो. पण ते लेखन वाटेत रेंगाळले आणि मुदत संपल्यावर पोहोचले, तर पेटल ते निमूटपणे स्वीकारते. लेखकांनी १५ सेकंदांची सुरक्षित कड ठेवली. तरीही खरा उपाय म्हणजे प्रत्येक लेखनासोबत त्याची अंतिम मुदत पाठवून ती डिस्कने तपासावी, असे त्यांनी सुचविले.

अधिकार संपलेल्याचे लेखन डिस्कनेच नाकारले पाहिजे, हा यातील तात्त्विक मुद्दा आहे. मिनेसोटा विद्यापीठात मॅथ्यू ओ'कीफ यांच्या नेतृत्वाखाली १९९५ पासून विकसित झालेल्या जीएफएसच्या परंपरेत याला 'फेन्सिंग' म्हणजे कुंपण घालणे म्हटले जाते. बाद संगणकाची विजेची कळ दुरून बंद करणे हा त्याचा ढोबळ प्रकार. डिस्कवर अधिकृत लेखकांची यादी ठेवून इतरांना नकार देणे हा स्कझीच्या कायम आरक्षणाचा प्रकार. मृत मानलेल्या संगणकाचे लेखन होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याचा कारभार दुसऱ्याकडे देऊ नये, हा नियम दोन्हींत समान आहे.

५. लिहिले तेच मिळते काय?

साल्त्झर, रीड आणि क्लार्क यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात एक उदाहरण आहे. एका संस्थेतील दोन जाळ्यांना जोडणारा संगणक मजकूर एका भागातून दुसऱ्यात उतरविताना साधारण दहा लाख बाइटमागे एकदा दोन बाइटची अदलाबदल करी. प्रत्येक तारेवर तपासणी असूनही ही चूक सुटली, कारण ती तारेवर होत नव्हती. ती संगणकाच्या पोटात होत होती. अखेर मालकांना कागदावरील जुन्या छापील प्रतींशी मूळ मजकूर ताडून पाहावा लागला. तात्पर्य असे की, मधल्या प्रत्येक टप्प्याची तपासणी मिळून दोन टोकांमधील तपासणी होत नाही.

स्टोन आणि पार्ट्रिज यांनी २००० मध्ये प्रत्यक्ष वाहतूक तपासून दाखविले की, १,१०० ते ३२,००० पाकिटांमागे एक पाकीट टीसीपीच्या तपासणीत नापास होते, आणि तेही तारेवरील अधिक कडक तपासणी पार करून. टीसीपीची बेरीज केवळ १६ बिटांची असल्याने काही चुका तिच्यातूनही निसटणार, हे ओघानेच आले. आय-स्कझीच्या मानकात म्हणूनच ३२ बिटांच्या स्वतंत्र तपासणीची तरतूद आहे. मात्र ती ऐच्छिक ठेवली गेली.

सनमध्ये जेफ बॉनविक यांच्या पुढाकाराने घडलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या झेडएफएसने ही तपासणी थेट फाइल सिस्टीममध्ये आणली. प्रत्येक ब्लॉकची तपासणी-संख्या त्या ब्लॉकमध्ये न ठेवता त्याचा निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवली जाते. त्यामुळे चुकीच्या जागी पडलेले किंवा मुळीच न झालेले लेखनही वाचताना उघडकीस येते. डिस्क कोठे आहे आणि मध्ये किती हात आहेत, याला मग महत्त्व उरत नाही.

६. वरच्या मजल्यावरील गैरसमज

खालचा करार सुधारला तरी वरचा गैरसमज शिल्लक होता. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांसमोर एक गंभीर बाब आली. लेखन कायम झाल्याची खात्री करणारी 'एफसिंक' ही हाक अयशस्वी झाल्यास ती पुन्हा मारावी, असा डेटाबेसचा समज होता. लिनक्स मात्र अयशस्वी लेखनानंतर स्मृतीतील मजकूर 'स्वच्छ', म्हणजे लिहिला गेलेला, अशी खूण करीत असे. दुसऱ्या वेळी हाक यशस्वी होई, परंतु मजकूर डिस्कवर नसे. जवळच्या डिस्कवर लेखनाची चूक बहुधा कायमची असते. नेटवर्कवरील डिस्कवर ती तात्पुरती असू शकते, आणि तात्पुरती चूकच या गैरसमजाला धोकादायक बनवते. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा प्रसंगी स्वतःहून थांबते आणि आपल्या रोजकीर्दीवरून पुन्हा उभी राहते. २०२० मधील एका अभ्यासात ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तिन्हींचे अशा चुकीनंतरचे वर्तन परस्परांहून भिन्न आढळले.

समारोप

वरील आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विश्वासार्हता हा एकट्या डिस्कचा किंवा एकट्या फाइल सिस्टीमचा गुण नाही. ती दोघींमधील कराराची स्थिती आहे. दुसरा असा की, अंतर वाढले तेव्हा नवे दोष फारसे निर्माण झाले नाहीत. आधीपासून असलेल्या, पण क्वचित दिसणाऱ्या दोषांना नित्याचे रूप आले. तात्पुरत्या स्मृतीचा धोका जवळच्या डिस्कमध्येही होता. नेटवर्कने तो लपू दिला नाही. तिसरा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. दूरस्थ ब्लॉक साठवणीवर फाइल सिस्टीम चालविणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत : पोच नेमकी केव्हा दिली जाते आणि फ्लश शेवटपर्यंत पोहोचतो काय, उत्तर न आल्यास किती काळ थांबायचे आणि त्यानंतर काय करायचे, बाद झालेल्या लेखकाला डिस्क स्वतः अडवते काय, आणि वाचलेला मजकूर दोन टोकांमध्ये तपासला जातो काय.

जमिनीचा उतारा, बँकेचे खाते आणि रुग्णाचा इतिहास आज अशाच दूरच्या खणांत राहतो. ज्याची ती नोंद आहे, त्याला या करारातील एकही कलम ठाऊक नसते. 'जतन झाले' एवढे दोन शब्द त्याला पडद्यावर दिसतात. त्या दोन शब्दांना अर्थ राहावा, यासाठी सुमारे चाळीस वर्षे झालेल्या खटपटीचा हा इतिहास आहे, आणि ती खटपट संपलेली नाही.